वजन उतरवण्याचा इतिहास

१९३४ सालच्या हिवाळ्यात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या वाल्कूर नावाच्या खेड्यात दोन वर्षांचा एक मुलगा आजारी पडला. अपेंडिक्सचा संसर्ग पोटभर पसरला होता. ऑपरेशनची सोय शेरब्रूक शहरात, साधारण ५० किलोमीटरवर. मध्ये सगळा बर्फ. त्या काळी क्वेबेकच्या खेड्यांतले रस्ते हिवाळ्यात साफ करत नसत. लोक आपल्या मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवत आणि वसंत येईपर्यंत घोड्यांच्या घसरगाड्यांवर भागवत. मुलाला दवाखान्यात पोचवता आलं नाही. तो गेला. त्याचं नाव ईव्हाँ. बाप गावातला गॅरेजवाला, वय २६, नाव झोझेफ-आर्मां बोंबार्दिए.

हे आडनाव मुंबईकरांनी इंग्रजी उच्चारात ऐकलेलं आहे. सीमेन्सच्या लोकलनंतर ज्या बम्बार्डियर लोकल आल्या, त्यांचं नाव याच गॅरेजवाल्याचं. दिल्ली मेट्रोचे कितीतरी डबे याच नावाच्या कंपनीने गुजरातेत सावलीला बनवले. पुढे विमानंही आली. पण सुरुवात बर्फावर चालणाऱ्या गाडीपासून झाली, आणि ती गाडी बनवायला निघालेल्या माणसाचं मूल गाडी तयार नव्हती म्हणून गेलं.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी फार सरळ सांगतात. मूल गेलं, बापाने निर्धार केला, स्नोमोबाईल जन्माला आली. मला ती तशी सांगणं पटत नाही. एक तर हा माणूस पंधराव्या वर्षापासून त्याच नादात होता. दुसरं म्हणजे मुलाच्या मृत्यूनंतर त्याने जे बनवलं ती आज आपण ज्याला स्नोमोबाईल म्हणतो ती नव्हतीच, ती बर्फावरची बस होती. बसपासून एका माणसाला कडेवर झुकवता येईल अशा यंत्रापर्यंत पोचायला अनेक दशकं लागली, आणि त्या प्रवासाचा धागा एकच आहे : वजन.

या धाग्याशी मी पोचलो तो उलट्या टोकाकडून. मी शिकलो मेकॅनिकल आणि पोटासाठी लिहितो कोड. आमच्या पिढीत हे सांगण्यासारखंही राहिलेलं नाही. रात्री जेवण झाल्यावर मी आयडाहो, युटा, ब्रिटिश कोलंबियातल्या गॅरेजांमधले व्हिडिओ बघत बसतो. तिथली माणसं डोंगरात चालवायला स्वतःची हलकी स्नोमोबाईल बांधतात. एक जण प्रत्येक बोल्ट काढून तराजूवर ठेवतो आणि वहीत आकडा लिहितो. स्टीलचा बोल्ट गेला, टायटॅनियमचा आला, १४ ग्रॅम वाचले, पुढचा बोल्ट. कॉलेजात बाहाची गाडी बांधताना आम्हीही पाइपांना भोकं पाडून ग्रॅम वाचवायचो, त्यामुळे ती वही मला ओळखीची वाटते. पण बाहाची गाडी जड झाली तर शर्यत हरते. बर्फात जड झाली तर बुडते.

बुडते म्हणजे काय, ते आपल्याला समजायला जरा कठीण जातं. मराठीत ‘बर्फ’ म्हटलं की डोळ्यांपुढे गोळेवाल्याची किंवा मासळीबाजारातली लादी येते. डोंगरावर नुकताच पडलेला कोरडा हिम ही वेगळीच चीज आहे. एक घनमीटर पाण्याचं वजन १००० किलो, आणि तेवढ्याच जागेत मावणारा ताजा हिम ५० ते १०० किलो. बाकी सगळी हवा. पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर चालायचं आहे अशी कल्पना करा. ७० किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा असला तर बुटाखाली प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण १७५ ग्रॅम येतात; पाऊल उचललं की एका पायावर दुप्पट. म्हणून तो मांडीपर्यंत आत जातो. आता डोंगरी स्नोमोबाईल घ्या. इंधनासकट २३० किलो, वर कपडे-बूट-सामानासह ९० किलोचा स्वार. खाली ३८ सेंटिमीटर रुंद रबरी पट्टा, त्यातला सुमारे १६० सेंटिमीटर भाग जमिनीला टेकलेला. हिशोब केला तर चौरस सेंटिमीटरला ५० ग्रॅमच्या आसपास. सव्वातीनशे किलोंचा हा डोलारा चालणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी कमी दाब देतो. कोकणात भातखाचरात चिखलणी करताना मोठा ट्रॅक्टर रुतून बसतो आणि पॉवर टिलर लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावून बिनधास्त फिरतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवं काही वाटणार नाही.

दाब कमी करायचे मार्ग दोनच : टेकणारं क्षेत्रफळ वाढवा, नाहीतर वजन घटवा. इतिहासात आधी पहिला मार्ग चोखाळला गेला, कारण दुसऱ्यासाठी लागणारं इंजिनच नव्हतं.

रशियात झार दुसरा निकोलस याच्या मोटारींची जबाबदारी आदोल्फ केग्रेस नावाच्या फ्रेंच माणसाकडे होती. बादशहाची मोटार हिवाळ्यात चालायला हवी म्हणून त्याने मागच्या चाकांच्या जागी रबरी पट्टा बसवला. क्रांतीनंतर तो फ्रान्सला परतला आणि सित्रोएनने त्याची पद्धत उचलली. अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या व्हर्जिल व्हाइटने १९१७ मध्ये फोर्डच्या मॉडेल टी गाडीला पुढे स्की आणि मागे पट्टा लावायच्या जोडणीचं पेटंट घेतलं. ‘स्नोमोबाईल’ हा शब्द बाजारात आणला तो त्याने. या दोघांच्याही कल्पनेत गाडी म्हणजे मोटार होती, फक्त पाय बदललेले.

विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल इलायसनचा विचार निराळा होता. त्याच्या पायात जन्मतः दोष होता, त्यामुळे शिकारीला निघालेल्या मित्रांबरोबर बर्फातून चालणं त्याला जमेना. त्याने १९२४ मध्ये लाकडी टोबोगन, म्हणजे सपाट घसरगाडी घेतली, तिच्यावर होडीला लावतात ते जॉन्सनचं अडीच अश्वशक्तीचं इंजिन बसवलं, मॉडेल टीच्या रेडिएटरचा तुकडा, सायकलचे भाग आणि दोन स्की जोडल्या. १९२७ मध्ये पेटंट मिळालं. इलायसनची गाडी म्हणजे पाय बदललेली मोटार नव्हती. ती एका माणसासाठीची, एका माणसाच्या गरजेतून आलेली वस्तू होती. आज गॅरेजात बोल्ट मोजणाऱ्यांचा खरा पूर्वज कोण असं कोणी विचारलं तर मी बोंबार्दिएच्या आधी याचं नाव घेईन. १९३९ मध्ये फिनलंडकडून २०० गाड्यांची विचारणा आली तेव्हा एवढं काम आपल्या शेडमध्ये होणार नाही हे ओळखून त्याने ते क्लिंटनव्हिलच्या एका ट्रक कंपनीला विकून टाकलं.

इकडे वाल्कूरमध्ये काय चाललं होतं? पोरगा सतत घरातली घड्याळं आणि यंत्रं खोलतो, म्हणून वडिलांनी त्याला एक मोडकी मॉडेल टी देऊन टाकली होती. ३१ डिसेंबर १९२२ रोजी, पंधरा वर्षांच्या आर्मांने तिचं इंजिन घसरगाडीवर चढवलं, मागे हाताने कोरलेला लाकडी पंखा जोडला आणि भावाला सोबत घेऊन गावातून ती पिटाळली. उघडा फिरता पंखा बघून वडिलांनी ती ताबडतोब मोडायला लावली. कोणत्याही बापाने तेच केलं असतं. मुलाला पाद्री करायचं घरच्यांच्या मनात होतं, पण सेमिनरीत त्याचं मन रमलं नाही. १९२६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी त्याने गावात स्वतःचं गॅरेज टाकलं. उन्हाळ्यात मोटारदुरुस्ती आणि हिवाळ्यात, जेव्हा गावात मोटारच नसे तेव्हा, बर्फगाडीचे प्रयोग.

त्याला पहिल्यापासून हवी होती ती एक-दोन माणसांची छोटी गाडी. पण त्या वेळी मिळणारी इंजिनं मोटारीची होती, ओतीव लोखंडाची. इंजिनच एवढं जड की ते पेलायला मोठी चौकट, चौकट पेलायला मोठा पट्टा, तो फिरवायला आणखी मोठं इंजिन. वजनाचं हे चक्र विमानवाल्यांना पाठ असतं. एक किलो वाढवला की तो स्वतःबरोबर आणखी काही आणतो. शेवटी त्याने छोट्या गाडीचा नाद तात्पुरता सोडला आणि मोठ्या गाडीचा प्रश्न सोडवला. मुलाच्या मृत्यूनंतरच्या दोन-तीन हिवाळ्यांत त्याला हवा तो भाग सापडला : रबर चढवलेलं दातेरी चाक आणि त्यात अडकणारा, आडव्या पोलादी पट्ट्या लावलेला रबरी पट्टा. रबरामुळे त्यावर बर्फ गोठून बसेना आणि पट्टा घसरेना. आधीच्या सगळ्या गाड्या इथेच मार खात होत्या. १९३७ मध्ये पेटंट मिळालं आणि ‘बी-७’ विकायला आली. ‘बी’ बोंबार्दिएचा, ७ म्हणजे सात माणसं. त्यानंतर बारा माणसांची ‘बी-१२’ आली : लाकडी पाट्यांचं गोलसर अंग, जहाजासारख्या गोल खिडक्या, पुढे स्की, मागे पट्टे.

बी-१२ने क्वेबेकचा हिवाळा बदलला असं म्हणायला हरकत नाही. ती शाळेची बस झाली, टपालगाडी झाली, टॅक्सी झाली, प्रेतं वाहू लागली. आणि रुग्णवाहिका झाली. १९३४ मध्ये जे हवं होतं ते आता होतं.

मग १९४८ मध्ये प्रांताच्या सरकारने ठरवलं की खेड्यांचे रस्तेही हिवाळ्यात साफ करायचे. नांगर लावलेले ट्रक फिरू लागले, लोकांनी मोटारी ठोकळ्यांवरून उतरवल्या आणि बोंबार्दिएची विक्री जवळपास निम्म्यावर आली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण तो आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडावर मारण्यासारखा आहे. आजारी मुलाला दवाखान्यात पोचवण्याचं खरं उत्तर बर्फावर चालणारी अफलातून गाडी नव्हतं. साफ केलेला रस्ता हे होतं. सार्वजनिक, कंटाळवाणं, दरवर्षी अंदाजपत्रकात पैसे मागणारं उत्तर. गाडी दहा वर्षं मधली पोकळी भरत राहिली आणि रस्ता आल्यावर बाजूला झाली.

बोंबार्दिएने रडत बसण्यापेक्षा जंगल आणि दलदलीत चालणारे पट्ट्यांचे ट्रॅक्टर बनवले, ते खपले. दरम्यान महायुद्धानंतर छोटी, हलकी इंजिनं बाजारात आली होती. पन्नाशीला आलेल्या या माणसाने तरुणपणी बाजूला ठेवलेला कागद पुन्हा काढला. सलग, बिनजोड रबरी पट्टा त्याच्या मुलाच्या मदतीने तयार झाला, आणि त्यामुळे जडशीळ पोलादी साखळ्या गेल्या. १९५९ मध्ये पिवळ्या रंगाची, लाकडी स्की लावलेली, कोलरचं ७ अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक इंजिन बसवलेली गाडी आली. तिच्या सुरुवातीच्या नमुन्यांपैकी एक उत्तर ओंटारिओतल्या लॅन्सडाउन हाउस इथल्या मोरीस विमे या मिशनरी मित्राला मिळाला. मिशनरी, फासे लावून शिकार करणारे आणि जमिनीची मोजणी करणारे हे तिचे गिऱ्हाईक असणार होते. कुत्र्यांच्या गाडीच्या जागी ही, म्हणून नाव ठरलं ‘स्की-डॉग’. ते ‘स्की-डू’ झालं. कोणी म्हणतं छपाईची चूक, कोणी म्हणतं रंगाऱ्याची. पहिल्या हंगामात २२५ विकल्या गेल्या. बोंबार्दिए १९६४ मध्ये कर्करोगाने वारला. आपलं यंत्र लोक गंमत म्हणून चालवतील याची त्याला चाहूल लागली होती, पण ते केवढं वाढणार आहे ते त्याने पाहिलं नाही.

गंमतीचा वास दुसऱ्या एकाला आधी आला होता. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सीमेलगतच्या रोझो गावात एडगर हेटीनचं शेतीअवजारांचं वर्कशॉप होतं. १९५६ च्या सुरुवातीला तो गावाला गेलेला असताना त्याचा भागीदार डेव्हिड जॉन्सन आणि कामगारांनी उरल्यासुरल्या मालातून एक बर्फगाडी जोडली : धान्य वर चढवणाऱ्या यंत्राची साखळी पट्टा म्हणून, शेव्हरोलेच्या बंपरच्या स्की. परत आल्यावर हेटीन वैतागला. कामाच्या वेळेत हे काय धंदे! पण गावातल्या लाकडाच्या वखारवाल्याने ती ४६५ डॉलरला घेतली आणि पगाराची सोय झाली. पोलॅरिस कंपनीचा जन्म हा असा. तिच्या सुरुवातीच्या गाड्या हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे साडेचारशे किलोच्या होत्या. मार्च १९६० मध्ये हेटीन अशा तीन गाड्या घेऊन अलास्कात बेथेलहून फेअरबँक्सला निघाला. चार माणसं, त्यांत एक बाई, सुमारे १९०० किलोमीटर. परत आला तर कंपनीतले लोक कौतुकाऐवजी उडाणटप्पूपणाचा हिशोब मागत होते. तो बाहेर पडला आणि शेजारच्या गावात जी कंपनी काढली ती आर्क्टिक कॅट.

पुढची दहा वर्षं मी थोडक्यात सांगतो, कारण ती कोणत्याही तेजीसारखीच आहेत. शंभराहून जास्त कारखाने निघाले, १९७१ मध्ये उत्तर अमेरिकेत पाच लाखांच्या जवळपास गाड्या खपल्या, मग १९७३ चं तेलसंकट आणि नंतरचे कमी बर्फाचे हिवाळे आले. ८० च्या दशकाच्या सुरुवातीला वार्षिक विक्री एक लाखाच्या खाली होती आणि चारच नावं उरली : स्की-डू, पोलॅरिस, आर्क्टिक कॅट आणि जपानहून आलेली यामाहा. यामाहानेही २०२३ मध्ये हा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं.

त्या तेजीत एक गोष्ट मात्र घाईने ओलांडण्यासारखी नाही. फिनलंडच्या ईशान्य टोकाला सेवेत्तियार्वी भागात स्कोल्ट सामी लोक रेनडिअर पाळतात. पेर्ती पेल्तो या मानववंशशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये ‘द स्नोमोबाईल रेव्होल्यूशन’ हे पुस्तक लिहिलं ते त्यांच्याविषयी. ६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पहिली स्की-डू आली आणि पाच-सहा वर्षांत रेनडिअरच्या घसरगाड्या जवळजवळ संपल्या. आधी घसरगाडी ओढणारा प्राणी, त्याचा चारा, त्याची दुरुस्ती, सगळं घरचं होतं. आता पेट्रोल बाहेरचं, सुटे भाग बाहेरचे, आणि ते घ्यायला रोकड लागणार. यंत्राच्या आवाजाने कळप बिथरू लागले, माणसाला सरावलेले प्राणी रानटी होत गेले. ज्यांच्याकडे पैसा आणि यंत्राचा हात होता ते टिकले. बऱ्याच घरांना रेनडिअर सोडावे लागले. पेल्तो यंत्राला शिव्या देत नाही, सामींनाही ते हवंच होतं. तो एवढंच दाखवतो की यंत्र हलकं असलं तरी त्याच्याबरोबर येणारा खर्च हलका नसतो. बैल विकून ट्रॅक्टर भाड्याने घेणाऱ्या आपल्या गावांत हे पुस्तक मराठीत यायला हवं होतं.

आपल्याकडे या यंत्राला स्नो स्कूटर म्हणतात. काश्मीरला गेलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या अल्बममध्ये गुलमर्गच्या स्नो स्कूटरवर, भाड्याचे गमबूट घालून बसलेला एक काका असतोच. सियाचीनवर सैन्यही ती सामान आणि जखमी माणसं हलवायला वापरतं. स्कूटर हे नाव यांत्रिकदृष्ट्याही चुकीचं नाही. ॲक्टिव्हात जी बिनगिअरची बेल्टची पद्धत असते तीच इथे, फक्त कैकपट ताकदीची. इंजिनच्या बाजूची पुली फिरण्याच्या वेगावर उघडते-मिटते, पट्ट्याच्या बाजूची पुली भारावर. खोल बर्फ लागला की भार वाढतो आणि गिअर आपोआप खाली येतो. पुलीतली वजनं काही ग्रॅमांनी बदलून गाडी समुद्रसपाटीसाठी किंवा तीन हजार मीटरसाठी जुळवता येते, आणि हौशी बांधणारे सगळ्यात जास्त डोकं तिथेच लावतात.

डोंगराची गोष्ट तशी उशिरा सुरू झाली. वाल्कूर आणि रोझो दोन्ही सपाट मुलखातली गावं. त्यांच्या गाड्या गोठलेल्या तळ्यांवर आणि दाबलेल्या वाटांवर उत्तम चालत. रॉकी पर्वतात दीड-दोन मीटर भुसभुशीत हिमात त्या नाक खुपसून बसत. तिथल्या लोकांनी कंपन्यांची वाट पाहिली नाही. त्यांनी मागची पत्र्याची बोगदी कापली, तुकडा जोडून लांब केली, लांब पट्टा चढवला, पट्ट्यावरचे रबरी दाते उंच केले. वायोमिंगच्या जॅक्सन गावात स्नो किंग डोंगरावर थेट चढाईची स्पर्धा ७० च्या दशकापासून भरते. उंची सुमारे दीड हजार फूट आणि माथ्याकडचा चढ ४५ अंशांकडे झुकणारा. अशा ठिकाणी दरसाल काय टिकतं आणि काय तुटतं ते उघड्यावर दिसे. ९० च्या दशकाच्या मध्यात स्की-डूची ‘समिट’ आणि पोलॅरिसची ‘आरएमके’ बाजारात आल्या तेव्हा गॅरेजांमध्ये सिद्ध झालेलंच कारखान्यातून बाहेर पडत होतं. त्यानंतर पट्टा वाढत वाढत १७० इंचांच्या पुढे गेला आणि दाते तीन इंचांचे झाले.

पण लांब पट्टा स्वतः जड असतो, आणि इथे मला आवडणारा एक हिशोब येतो. गाडी ज्या वेगाने पुढे जाते तेव्हा पट्ट्याचा जमिनीला टेकलेला भाग स्थिर असतो आणि वरचा भाग दुप्पट वेगाने पुढे पळतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून. आकडेमोड केली तर पट्ट्यातला एक किलो वेग घेताना चौकटीतल्या दोन किलोंएवढा खर्चिक पडतो, आणि पट्टा घसरत फिरत असेल तर त्याहूनही जास्त. म्हणून बांधणारे आधी पट्टा, मग तो फिरवणारा दांडा, मग ब्रेकची चकती, असं फिरणाऱ्या भागांपासून सुरुवात करतात. सीट कार्बन फायबरची करणं हे नंतर, आणि खरं तर फोटोसाठी.

दुसरा हिशोब हवेचा. दर हजार फुटांवर साध्या इंजिनाची सुमारे तीन टक्के ताकद जाते. दहा हजार फुटांवर १६५ अश्वशक्तीचं इंजिन ११५-१२० वर येतं. हे भरून काढायचं तर टर्बो लावा, म्हणजे वजन वाढवा, किंवा वजन काढा. टर्बो लावलेलं टू-स्ट्रोक हौशी लोक वर्षानुवर्षं बांधत आले. कारखान्यातून ते पहिल्यांदा आलं स्की-डूच्या २०२० च्या मॉडेलमध्ये. टू-स्ट्रोकच का, तर त्यात झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही, दर फेरीला एक ठिणगी. हलकं आणि तिखट. त्याची किंमत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने मोजली. शतक बदलताना तिथल्या पश्चिम दरवाजावर हिवाळी सकाळी धूर इतका साचे की तिकीट फाडणाऱ्या कर्मचाऱ्यांना श्वसनमुखवटे द्यावे लागले. २००० साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वच्छ स्नोमोबाईल बांधायची स्पर्धा जॅक्सनला सुरू झाली ती याच भांडणातून. उद्यानात पुढे शांत, कमी धुराच्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. डोंगरातल्यांनी मात्र टू-स्ट्रोक सोडलं नाही. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारून धूर बराच कमी केला आणि वजन राखलं.

कंपन्यांच्या वजनाच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये, हेही सांगायला हवं. पुस्तिकेत छापतात ते ‘कोरडं वजन’ : पेट्रोल नाही, तेल नाही, थंड करणारं पाणी नाही. फ्लॅट विकताना कार्पेट एरिया आणि सुपर बिल्ट-अपमध्ये जेवढी लबाडी असते तेवढीच इथे. शिवाय पाच तास चालल्यावर पायठाण्यांवर आणि पोटात गोठलेला बर्फ कोणी मोजत नाही. जाळीदार पायठाणी करून तो खाली पाडणं, हे टायटॅनियमपेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी.

एवढं करून मिळतं काय? उतारावर आडवं जाता येतं. स्वार एकाच बाजूच्या पायठाणीवर दोन्ही पाय ठेवून उभा राहतो, गाडी डोंगराच्या बाजूला कलती करतो आणि एका स्कीवर, पट्ट्याच्या कडेवर, कडेकडेने झाडांमधून निघतो. साडेचारशे किलोच्या गाडीला हे शक्य नव्हतं. तिथे माणूस नुसतं ओझं होता. दोनशे किलोच्या गाडीवर त्याचं शरीर हाच मुख्य सुकाणू. २००३ मध्ये स्की-डूने स्वाराला पुढे सरकवून बसण्याची पद्धत बदलली तेव्हापासून हे आणखी सोपं झालं. काहींनी तर मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिथे पट्टा आणि पुढे एकच स्की बसवली. आयडाहोतल्या सँडपॉइंटची टिंबरस्लेड हे जोड विकायची आणि २०१५ मध्ये पोलॅरिसने तिला विकत घेतलं. इलायसनच्या अडीच अश्वशक्तीच्या टोबोगनपासून तिथपर्यंत एक सरळ रेघ ओढता येते.

सोपं झाल्याचा दुसरा अर्थ असा की जिथे १९९० मध्ये फक्त पट्टीचे लोक पोचत तिथे आता दोन हंगाम शिकलेला माणूस पोचतो. ३० ते ४५ अंशांचे, बर्फ साठलेले उतार. हिमकडे कोसळतात ते याच उतारांवर. २८ डिसेंबर २००८ रोजी ब्रिटिश कोलंबियात फर्नीजवळ हार्वी पासच्या भागात स्पारवुड गावचे अकरा जण स्नोमोबाईलवर गेले होते. पहिल्या हिमस्खलनात सात जण गाडले गेले. उरलेले चौघे त्यांना उकरून काढत असताना वरून दुसरं आलं. आठ जण गेले. एवढ्याशा खाणगावात आठ.

दवाखान्यापर्यंत पोचण्यासाठी सुरू झालेलं यंत्र धडधाकट माणसाला मदत पोचणार नाही अशा जागी नेऊन सोडतं, हे त्या बांधणाऱ्यांनाही ठाऊक आहे. व्हिडिओत ते फारसं बोलत नाहीत, पण वहीत दिसतं. गाडीवरचा प्रत्येक ग्रॅम तासून झाल्यावर ते शेवटी एक यादी करतात जिच्यातून काहीच काढत नाहीत : संदेश पाठवणारं आणि पकडणारं बीकन, बर्फात खुपसून माणूस शोधायची घडीची काठी, ॲल्युमिनियमचं फावडं, दोरी ओढली की फुगणारी पाठपिशवी. चार-पाच किलो सहज होतात. यांतलं काहीही गाडीवर बांधत नाहीत. सगळं अंगावर, कारण गाडी आणि स्वार एकाच जागी गाडले जातील असा नेम नसतो, आणि शेजाऱ्याला उकरायचं असेल तेव्हा आपलं फावडं आपल्या पाठीवरच हवं.